भुगा की गोळा? बेरिॲट्रिक ऑपरेशननंतर सोलापुरी ताटातलं आधी काय परत आणाल

बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालं, दोन महिने पातळ आणि मऊ खाऊन काढले की एके दिवशी डॉक्टर म्हणतात, "आता हळूहळू घरचं जेवण सुरू करा." घरी येऊन आपण ताटाकडे बघत बसतो. आपल्याकडे घरचं म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, रविवारचं मटण, संक्रांतीची शेंगापोळी. यातलं आधी काय? ज्यावर जीव आहे ते, की ज्याची भीती कमी वाटते ते?

या ऑपरेशनच्या प्रकारांपैकी माझं स्लीव्ह झालं, माझ्या नणंदेचं बायपास (हृदयाचं नव्हे, पोटाचं). सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात, एकाच घरात, आठ महिन्यांच्या अंतराने. एकाच तव्यावरची भाकरी आम्ही दोघींनी दोन वेगळ्या पोटांत घालून बघितली. तुम्ही आज त्याच उंबरठ्यावर असाल, तर आमच्या दोन ताटांची ही तुलना तुमच्या कामाला यावी म्हणून लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी दिलेलं वेळापत्रक या लिखाणापेक्षा वर. ते मोडू नका.

आधी दोन पोटांतला फरक. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. बायपासमध्ये साधारण 30 मिलीची, म्हणजे लहान अंड्याएवढी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. स्लीव्हवाल्यांना आम्लपित्ताचा, छातीत जळजळण्याचा त्रास जास्त दिसतो. बायपासवाल्यांची जळजळ बहुधा कमी होते, पण गोड थेट आतड्यात उतरत असल्याने ते सोसत नाही. आमच्या घरात याचा अर्थ असा झाला की मला तिखटाला जपावं लागलं आणि नणंदेला गोडाला. शेंगाची चटणी माझी परीक्षा, शेंगापोळी तिची.

भाकरी, पोळी की पाव

माझी पहिली चूक इथेच झाली. मला वाटायचं, मऊ ते सोपं. अकराव्या आठवड्यात एका वाढदिवसाला पावभाजीतल्या पावाचे दोन घास घेतले. लोण्यासारखा मऊ पाव होता. दुसरा घास गिळला आणि छातीच्या बरोबर मध्ये दगड ठेवल्यासारखं झालं. तोंडाला पाणी सुटलं, मग फेसाळ लाळ येऊ लागली, बसवेना, उभंही राहवेना. वीस मिनिटं मोरीपाशी भिंतीला टेकून उभी होते. शेवटी तो पाव जसाच्या तसा गोळा होऊन बाहेर आला, तेव्हा सुटले.

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी एकच प्रश्न विचारला, "तोंडात चावल्यावर त्याचा भुगा होतो की गोळा होतो?" तेव्हापासून मी प्रत्येक पदार्थ याच प्रश्नाने तोलते.

गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली जाते, म्हणून पोळी लाटता येते. तेच पीठ तोंडात लाळेबरोबर पुन्हा कणकेसारखं एक होतं. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून तर भाकरीचं पीठ उकळत्या पाण्याने मळावं लागतं, लाटता येत नाही, थापावी लागते आणि थापताना कडेला तडे जातात. सासूबाई परातीत भाकरी थापत होत्या आणि मी समोर बसून ते तडे बघत होते, तेव्हा एकदम उमगलं. परातीत जी तुटते, ती तोंडातही तुटणार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिली भाकरी. तीसुद्धा ताजी, पापुद्रा काढून, आतला मऊ भाग तुरीच्या पातळ आमटीत कुस्करून. आमच्याकडे काला म्हणतात, लहान मुलांना भरवतात तसा. त्यात भाकरीचा चतकोर पुरतो. सुरुवातीला अर्धी वाटी काला संपवायला मला पंचवीस मिनिटं लागायची. नणंदेनेही काल्यानेच सुरुवात केली आणि दोघींनाही तो एकदाही अडकला नाही.

कडक भाकरीचं मात्र आश्चर्य वाटलं. पापडासारखी पातळ, तव्यावरून उतरवून वाळवलेली, दिवसेंदिवस टिकणारी ती भाकरी आपण सगळ्यात शेवटी ठेवतो. खरं तर नीट चावली तर तिचा अगदी बारीक भुगा होतो. चौथ्या महिन्यात तिचा तळहाताएवढा तुकडा मला पोळीच्या एका घासापेक्षा सोपा गेला. धोका दुसराच आहे. ती कुरकुरीत असल्याने टीव्हीसमोर बसून कितीही खाल्ली जाते आणि पोट भरल्याचं कळत नाही. ताटात मोजून घ्या, डबा जवळ ठेवू नका. शिवाय न चावलेला टोकदार तुकडा टोचतो, म्हणून चौथ्या महिन्याआधी मी तरी ती सुचवणार नाही.

पोळी मी सहा महिन्यांनी सुरू केली, चांगली खरपूस भाजून, अर्धी. पाव आजही नाही. नणंद कधीतरी टोस्ट करून अर्धी चकती खाते. भात दोघींच्याही पोटात गोळा होतो, फुगतो. मऊ खिचडी चालते, मोकळा भात नको. इडली मात्र आमच्या शेजारच्या तेलुगू काकूंनी सुचवली त्या पद्धतीने छान चालली. सांबारात दहा मिनिटं बुडवून ठेवायची आणि चमच्याने मोडून खायची.

शेंगाची चटणी: कोरडी की दह्यात

इथे आम्हा दोघींची वाट वेगळी झाली. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली लाल चटणी, लसूण, तिखट, मीठ. चौथ्या महिन्यात मी बोटाच्या टोकाएवढी चाखली आणि रात्रभर जळजळ झाली. नणंदेने तेवढीच खाल्ली आणि तिला काहीच झालं नाही. तेव्हा स्लीव्ह असेल तर घाई करू नका. कमी तिखटाची, लसूण निम्मा घातलेली वेगळी चटणी कुटून घ्या आणि चमचाभर घट्ट दह्यात कालवा. दह्यात कालवल्याने कोरडा भुगा घशाला चिकटत नाही, ठसका लागत नाही. शेंगदाण्यात प्रथिनं चांगली असतात, हे खरं. पण दोन मोठे चमचे चटणीत प्रथिनं साधारण 7 ग्रॅम आणि कॅलरी 160-170. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवी असतात, ती चटणीवर भागवायला गेलात तर वजन परत येईल. चटणी चवीपुरती, प्रथिनं दुसरीकडून.

बायपासवाल्यांना एक सांगते. चटणी तुम्हाला सोसली म्हणून जोडाच्या जागेला काही होणार नाही असं समजू नका. तिथे अल्सर होण्याचा खरा धोका तंबाखूचा आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांचा. सकाळी मिश्री लावायची सवय ऑपरेशनआधीच सुटायला हवी, सुटली नसेल तर आजच सोडा.

मटण: फोडी, खिमा की नुसता रस्सा

नुसता रस्सा सगळ्यात सोपा वाटतो, म्हणून बहुतेक जण तिथून सुरू करतात. माझा याला विरोध आहे. रश्श्यात तेल आणि तिखट, प्रथिनं जवळजवळ नाहीत, आणि एवढ्याशा पोटातली जागा त्यातच जाते. मटणाची फोड म्हणजे धागे. कितीही चावलं तरी शेवटी दोऱ्यासारखा चोथा उरतो, तोच अडकतो. दुसऱ्या दिवशी गरम केलेली, कोरडी झालेली फोड तर नकोच.

खिमा घ्या. दोनदा बारीक करून आणलेला, कुकरमध्ये मऊ शिजवलेला, थोडा रस ठेवून, काळा मसाला अगदी चिमूटभर. साधारण 60 ग्रॅम शिजलेल्या खिम्यात 15 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. आम्ही दोघींनी तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सुरू केला, तोही अंडं, पनीर आणि मऊ शिजवलेली कोंबडी पचल्यावर. फोडी मी आठव्या महिन्यात खाल्ल्या, नखाएवढे तुकडे करून. आधी खिमा संपवायचा, मग भाकरी. ताटात दोन्ही असताना भाकरीने सुरुवात केली तर खिम्याला जागाच उरत नाही.

शेंगापोळी

सोलापूरची संक्रांतीच्या वेळची गड्ड्याची जत्रा भरली होती, घरात पाहुणे होते, नणंदेच्या ऑपरेशनला सहा महिने झाले होते. तिने तूप लावलेल्या शेंगापोळीचा चतकोर खाल्ला. पंधरा-वीस मिनिटांत तिचा चेहरा पांढरा पडला, जानेवारीच्या गारव्यात कपाळावर घाम, छातीत धडधड, पोटात पीळ. तिला आतल्या खोलीत आडवं केलं, अर्ध्या तासाने ती सावरली. याला डंपिंग म्हणतात. काहींना ते एक ते तीन तासांनीही होतं, तेव्हा रक्तातली साखर खाली जाते आणि हातपाय थरथरतात.

मी त्याच दिवशी तेवढीच पोळी खाल्ली आणि मला काहीही झालं नाही. म्हणून माझं ऑपरेशन बरं, असं समजू नका. तिला शरीर थांबवतं, मला माझं मलाच थांबायला लागतं. पेढा, श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीम यांचा गोळा होत नाही, ते सहज घसरून जातात आणि स्लीव्हवाल्यांचं वजन तिथूनच परत चढतं. फरसाण आणि बिस्किटांचंही तसंच. बायपास असेल तर पहिलं वर्ष शेंगापोळी सोडून द्या, तिळगुळाचा वाटाण्याएवढा तुकडा जेवणानंतर घ्या. स्लीव्ह असेल तर चतकोर, वर्षातून संक्रांतीला, आणि उरलेली डब्यात भरून पाहुण्यांबरोबर पाठवून द्या.

भज्यांवर फार लिहीत नाही. गरम डिस्को भजी बघून जीव कासावीस होतो, मला माहीत आहे. तेलाने दोघींनाही मळमळलं. वर्षभर नको.

पाणी

सोलापूरचा मे महिना 42 अंशांच्या पुढे जातो आणि आपल्याला आता तांब्या तोंडाला लावता येत नाही. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बाकी वेळ घोटघोट. दिवसाला दीड-दोन लिटर व्हायला हवं, म्हणून मी अर्ध्या लिटरच्या बाटल्या भरून मोजते. ताक चालतं, पातळ आणि बिनसाखरेचं. गोळीच्या बाटलीतला सोडा आणि कोल्ड्रिंक दोघींनाही बंद. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, आणि कॅल्शियमच्या गोळीपासून तिला दोन तास लांब ठेवा. या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. एक दिवसाहून जास्त उलट्या चालल्या किंवा पाण्याचा घोटही राहत नसेल, तर काय खाल्लं याचा विचार करत घरी बसू नका, डॉक्टरांना गाठा.

हुरडा

हा सगळ्यात शेवटी. कोवळा असला तरी दाण्याला साल असते, आणि आगटीभोवती गप्पांत माणूस चावायचं विसरतो. दोघींनीही वर्ष पूर्ण झाल्यावरच खाल्ला. मी मूठभर, दह्यातल्या चटणीबरोबर, शेतात बसून, एकेक दाणा. नणंदेने गुळाची वाटी स्वतःहून माझ्या पलीकडे सरकवली आणि कडक भाकरीचा तुकडा मोडून घेतला.