ईपीपी फोमचं एरोबॅटिक विमान: माल एक नंबर, सोबतचा कागद भंगार

आधीच सांगतो, आरसी म्हणजे रिमोटवरचं विमान उडवायला शिकायचं असेल तर हे कसरतीचं विमान घेऊ नका. शिकायचं ट्रेनर विमान कसं, रिमोटची स्टिक सोडली की बिचारं आपोआप सरळ होतं, हे होत नाही, जसं सोडाल तसंच जात राहतं, उलटं सोडलं तर उलटंच. मी दोन वर्षं ट्रेनर उडवून मग हे किट ऑनलाइन मागवलं. 1 मीटर विंगस्पॅन (पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी), मोटर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळतो तो) आणि 9 ग्रॅमचे 4 सर्वो (पंख-शेपटीचे हलते भाग वळवणाऱ्या छोट्या मोटरी) धरून साडेसहा हजार. रिमोट आणि 3 सेलची 1300 एमएएचची लिपो बॅटरी माझ्याकडे होतीच.

ईपीपी हा दाबला तरी परत फुगणारा लवचिक फोम खरंच भारी आहे. फेविक्विक थर्माकोल खाऊन टाकतं, ईपीपीला काही करत नाही, पण सांधा कडक होतो म्हणून मी जास्तीचं काम ग्लू गननेच केलं. पंखात कार्बन रॉड सरळ बसतोय ना ते नीट बघा, पंख पिळलेला राहिला तर विमान सरळ जावं म्हणून रिमोटवर ट्रिम मारून मारून वैतागाल. दोन संध्याकाळीत जोडून झालं.

आता कागद. त्यात लिहिलंय सर्वोचा आर्म (वर बसणारी छोटी दांडी) लावा आणि पुशरॉड (तिथून हलत्या भागापर्यंत जाणारी तार) जोडा, बस. अरे पण आधी रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर चालू करून सर्वो सेंटरला आणायचा असतो, मग आर्म लावायचा, नाहीतर एका बाजूला एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) जास्त वळतो आणि दुसऱ्या बाजूला अडकतो. आणि हे सगळं सेटिंग प्रॉप म्हणजे मोटरवरचा पंखा काढून करा, मोटर कधी अचानक फिरेल सांगता येत नाही, बोटं आपलीच असतात. सीजीची, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो त्या जागेची, तीच गत, कागदात पंखाच्या पुढच्या कडेपासून 130 मिमी दिलंय, मी तिथे ठेवून उडवलं तर शेपूट जड, एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) स्टिकला नुसतं बोट लागलं की नाक आकाशाकडे. बॅटरी पुढे सरकवून 110 वर आणली तेव्हा माणसात आलं. सुरुवातीला रिमोटवर लो रेट (हलते भाग कमी वळतात) आणि 30 टक्के एक्स्पो (स्टिक मध्याजवळ मऊ होते) ठेवा, 45 अंशांपर्यंत वळवणारे थ्रो नंतर.

जागा सासवडच्या बाजूला एक शेत, मार्चमध्ये ज्वारी काढून झालेली, सकाळी साडेसहाला वारा नसतो. जायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर झोन बघून घेतला, पुण्यात लोहगाव विमानतळ असल्यामुळे कुठेही उडवून चालत नाही. थ्रॉटल कट (मोटर लगेच बंद करतो तो) एका स्विचवर ठेवलाय, रेंज चेक (सिग्नल लांबून पोचतो का ते) झाला की एलरॉन उजवीकडे देऊन उजवा वर उठतो का ते रोज बघतो, उलटा असेल तर विमान हातातून सुटायच्या आत संपलं. बॅटरीसकट वजन 600 ग्रॅमच्या आसपास भरतं आणि मोटर त्याहून जास्त ओढते, म्हणून नाक वर करून पंख्यावर लटकवता येतं. नाइफ एजला, म्हणजे एक पंख खाली एक वर असं आडवं करून, शेपटीचा उभा रडर दाबून धरला की अगदी रुळावरून गेल्यासारखं जातं. टायमर 5 मिनिटांचा.

तर चौथ्या फ्लाइटला रोल (विमान स्वतःभोवती गोल फिरवणं) अर्ध्यात थांबला. किटमध्ये सर्वो आर्मचे स्क्रू 3 च आले होते, सर्वो 4, आणि उजव्या एलरॉनचा आर्म घट्ट बसलाय ना, उद्या बघू म्हणून मी तसाच, बिनस्क्रूचा, सोडला होता, तोच निसटला. चूक माझीच, पण स्क्रू मोजून द्यायला विक्रेत्याला काय जातं? राहिलेल्या एका एलरॉनवर आणि रडरवर कसंबसं सरळ केलं, थ्रॉटल कट मारला, विमान धसकटात पोटावर आपटलं. बांधावर मेंढ्या घेऊन बसलेले एक मामा तोपर्यंत शांत बघत होते, ते म्हणाले, "तेल संपलं काय ओ?" म्हटलं बॅटरीवर आहे मामा, आर्म निघाला. "मग घट्ट पिळायचा की."

प्रॉप तुटला, पंखाला ओरखडासुद्धा नाही. विक्रेत्याला स्क्रूचा मेसेज टाकून तीन आठवडे झाले, उत्तर नाही, शेवटी जुन्या सर्वोचा काढून लावला. 5 पैकी साडेतीन.