व्हॉट्सॲप बिझनेसचे अकरा महिने: आमचे बिबडे आणि यांचं वाचनालय

मागच्या फेब्रुवारीत बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पहिलं पातेलं चुलीवर चढलं, त्याच आठवड्यात मी व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप, सुरू केलं. आता जानेवारी संपत आलाय. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मी आणि मोठ्या जाऊबाई, त्यांना सगळे माई म्हणतात, दोघी मिळून बिबडे, कुरडया, उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ विकतो. घरात हेच ॲप आणखी एका कामाला लागलं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, गावच्या वाचनालयाचे कार्यवाह आहेत. वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे अनुदानाच्या यादीत सगळ्यात खालचं. जाहिरातीला पैसा ना आमच्याकडे, ना त्यांच्याकडे. भारतात हे ॲप २०१८ पासून फुकट मिळतंय, आम्ही मात्र इतकी वर्षं साध्या व्हॉट्सॲपवरच काम ढकलत होतो. ऑर्डरी, लग्नपत्रिका, नातेवाइकांचे शुभसकाळ, सगळं एकाच रांगेत. त्यात दोन ऑर्डरी हरवल्या आणि मी वेगळं सिम घेतलं.

वाचनालयाला सिमही लागलं नाही. तिथला लँडलाइन नंबर गावाला वर्षानुवर्षं पाठ आहे. नोंदणी करताना एसएमएसऐवजी फोन कॉलवर कोड घ्यायची सोय असते. यांनी रिसीव्हर कानाला लावून सहा आकडे लिहून घेतले आणि त्याच जुन्या नंबरवर व्हॉट्सॲप सुरू झालं. ज्या संस्थेचा नंबर लोकांना आधीपासून माहीत आहे, तिने नवा नंबर घेऊच नये असं माझं ठाम मत झालंय.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला, तर आपोआप जाणाऱ्या स्वागताच्या संदेशाचा. कोणी पहिल्यांदा लिहिलं, किंवा १४ दिवस काही बोलणं झालेलं नसताना पुन्हा लिहिलं, की तो जातो. माझा पहिला संदेश असा होता: ‘आपले सहर्ष स्वागत आहे. आपली सेवा हाच आमचा ध्यास.’ पुढे हात जोडलेले. त्यावर लोक काय लिहिणार? ‘धन्यवाद’ लिहायचे आणि गप्प बसायचे. मग मला तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागायचे, त्यात दिवस जायचा. एप्रिलमध्ये तो बदलला: ‘नमस्कार ताई-दादा. काय हवं, किती किलो आणि कोणत्या गावी पाठवायचं, एवढं लिहून ठेवा. सकाळी आमचे हात पिठात असतात, चारनंतर मी स्वतः उत्तर देते.’ दुसऱ्याच दिवशी सुरतच्या एका मावशींचा निरोप आला: दोन किलो बिबडे, एक किलो कुरडया, पत्ता उधना. एका ओळीत सगळं. आणि ‘चारनंतर’ लिहिल्यापासून दुपारी बारा वाजता ‘अहो ताई, आहात का?’ असे निरोप जवळजवळ थांबले. लोकांना उशिराचा राग नसतो. कधी उत्तर येणार ते माहीत नसलं की राग येतो.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या वस्तूंच्या फोटोसह यादीत, ५०० वस्तू बसतात, आमच्या आहेत नऊ. तिथे मी दोन गोष्टी शिकले आणि दोन्ही ग्राहकांनीच शिकवल्या. पहिली, नावाची. मी नुसतं ‘बिबडे’ लिहिलं होतं. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, हे काय असतं? खान्देशाबाहेर हा शब्द फारसा पोचलेला नाही. आता नाव आहे ‘बिबडे – ज्वारीचे पापड’ आणि खाली एक ओळ: दादर ज्वारी, लसूण, मिरची, जिरं, उन्हात वाळवलेले. कळण्याच्या पिठाखाली लिहिलं, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, भाकरीसाठी. ही ओळ टाकल्यापासून खान्देशाबाहेरच्या लोकांनीही पीठ मागवलं. पण बिबडे हा शब्द मी काढला नाही, कारण सुरत-नाशिकला राहणारा आपला माणूस तोच शब्द शोधत येतो. उन्हाळ्यात एकदा स्टेटसला अहिराणीत ‘बिबडा तयार शेतस’ एवढंच टाकलं होतं. त्या दिवसाइतकी उत्तरं मला पुन्हा कधी आली नाहीत.

दुसरी गोष्ट फोटोची. भाच्याने मोबाइलवर छान पार्श्वभूमी लावून फोटो करून दिले होते. कोणी काही म्हटलं नाही, पण विचारणा यायची ती आकाराची: केवढे असतात हो? मग एक दिवस गच्चीवर कापडावर बिबडे वाळत होते, त्यात माईंचा हात आला. बांगड्यांसकट. शेजारी एक तळलेला ठेवला. तो फोटो लावल्यावर आकाराचा प्रश्न संपला, कारण हात सगळ्यांच्या घरी सारखाच असतो. खाली वजनाबरोबर नगही लिहिले: अर्ध्या किलोत २५ ते २८. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबरही तिथेच दिला. शहरातले लोक तो खरंच बघतात.

आता ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच संदेश अनेकांना एकदम पण वेगवेगळा पाठवायच्या सोयीबद्दल, जरा सविस्तर सांगते, कारण नवीन माणूस इथेच चुकतो आणि मीही चुकले.

एका यादीत २५६ जण बसतात. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मी १८० जणांना एकदम संदेश पाठवला आणि निवांत झाले. संध्याकाळी पाहते तर निम्म्याहून जास्त नावांपुढे एकच खूण. ब्रॉडकास्ट फक्त त्यालाच पोचतो ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. माझ्याकडे त्यांचा नंबर असून काही उपयोग नाही. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता मला हाच नियम सगळ्यात चांगला वाटतो. नंबर सेव्ह करणं म्हणजे दार उघडून ‘या’ म्हणणं आहे. यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने कुठून तरी मिळवलेल्या अनोळखी नंबरांवर शेकड्याने संदेश टाकले. लोकांनी तक्रारी केल्या आणि त्याचं खातं बंद पडलं, जुन्या गिऱ्हाइकांसकट.

मग मी पाकिटात एक चिठ्ठी टाकायला लागले. त्यावर क्यूआर कोड आणि एवढंच: ‘आमचा नंबर ‘बिबडेवाल्या ताई’ नावाने सेव्ह करा. पुढचा माल कधी तयार होतो ते कळवू.’ दुकानाचं भारदस्त नाव मुद्दाम टाळलं, कारण लोक फोनमध्ये असंच नाव लिहितात. श्रावणात कानबाईच्या सणाला मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात. तेव्हा रोटाच्या, म्हणजे सणाच्या प्रसादाच्या, गडबडीतही मी समोर उभं राहून नंबर सेव्ह करून घेतले. आज यादीत २३१ जण आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना संदेश पोचतो.

जुलैत मात्र मी हावरटपणा केला. पावसात वाळवण बंद, हातात वेळ, म्हणून रोज काहीतरी पाठवत राहिले. पाककृती, सुविचार, सवलत. आठवड्यात सात जणांनी ‘ताई, थांबवा’ लिहिलं. न लिहिता किती जणांनी ब्लॉक केलं असेल ते देव जाणे. तेव्हापासून महिन्यातून दोन संदेश, जास्त नाही. प्रत्येकात खरी बातमी हवी: नवा माल, संपत आलेला माल, सणाची शेवटची तारीख. खाली एक ओळ कायम असते, ‘निरोप नको असतील तर फक्त ‘नको’ लिहा.’ ‘नको’ आलं की त्याच मिनिटाला नाव काढते.

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चॅटला लावायची लेबलं कामाची आहेत. ‘पैसे बाकी’ हे लेबल नसतं तर उधारी मागताना मी अजूनही चाचरले असते. ठरलेली उत्तरं साठवून ठेवायची सोयही आहे, तिरकी रेघ टाकून एक शब्द लिहिला की भावाचा अख्खा तक्ता जातो. पण त्यात शेवटी समोरच्याचं नाव मी हाताने लिहिते. कॅटलॉगमधून ऑर्डर येते, डब्यात माल किती उरलाय हे आपल्यालाच बघावं लागतं, म्हणून माल संपला की ती वस्तू मी लपवून ठेवते आणि हिशोब वहीतच लिहिते. वहीचं महत्त्व सप्टेंबरात कळलं. हँडसेट पाण्याच्या बादलीत पडला, बॅकअप मी कधी घेतलाच नव्हता. सात महिन्यांचं बोलणं गेलं. बाकी असलेले पैसे वहीमुळे वाचले. आता रोज रात्री बॅकअप होतो.

वाचनालयाचा अनुभव थोडा वेगळा. यांनी आधी सभासदांचा ग्रुप केला. दोन आठवड्यांत तिथे पुस्तकं सोडून सगळं यायला लागलं. मग ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ अशी सेटिंग केली आणि ठरवलं की दर शनिवारी एकच निरोप: नवीन आलेली तीन पुस्तकं, प्रत्येकाबद्दल दोन ओळी. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत. हे म्हणाले, त्यांच्याकडे तर फक्त कागद आणि शाई होती, पण कोण वाचणार आहे ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून हेही समोर एक माणूस धरून लिहितात. आमच्या गल्लीतले नाना, वय ७६, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांच्यासाठी तोच मजकूर आवाजात रेकॉर्ड करून टाकायला लागले, आणि आता तरुण पोरंसुद्धा शेतात काम करता करता तेच ऐकतात.

देणगीचं आवाहन हा मला सगळ्यात मोठा धडा वाटतो. मार्चमध्ये पाठवलं होतं, ‘वाचनालयास सढळ हस्ते मदत करावी.’ दोन देणग्या आल्या, त्यातली एक आमच्याच घरातली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ला टेकतो आणि अभ्यासिकेत पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची मुलं बसतात. यांनी छताला लटकणाऱ्या रिकाम्या हुकचा फोटो काढला आणि लिहिलं: ‘अभ्यासिकेत १४ मुलं बसतात, पंखा एक. आणखी दोन हवेत. एका पंख्याचे बसवून २,४०० रुपये. आपण एक पूर्ण किंवा वाटून घेऊ शकता.’ चौथ्या दिवशी दोन्ही पंखे लागले. त्यातला एक गावातून नाशिकला गेलेल्या पाच वर्गमित्रांनी मिळून दिला. खरं काम त्याच्या पुढचं होतं. ज्यांनी पैसे दिले त्या प्रत्येकाला पावती, दुकानाचं बिल आणि फिरणाऱ्या पंख्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ गेला. मुलांचे चेहरे त्यात नाहीत. यांनी मुलांना विचारलं होतं, दोघांना नको होतं, म्हणून पाठीमागून काढला. दिवाळीत पुस्तकांच्या कपाटासाठी विचारलं तेव्हा त्यांच्यातल्याच तिघांनी सगळ्यात आधी हात वर केला.

घ्यावं का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हो असंच आहे. पण आधी महिनाभर साध्या फोनवर येणारे प्रश्न वहीत लिहून काढा. मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेले प्रश्न चार निघाले: भाव, आकार, कधी मिळेल, पाठवायचा खर्च. माझं प्रोफाइल, कॅटलॉग आणि ठरलेली उत्तरं त्या चारांवरच उभी आहेत.

पुढच्या महिन्यात पुन्हा चूल पेटेल. अखाजीचा संदेश मी आत्ताच लिहून ठेवलाय, माईंना वाचून दाखवला, त्यांनी त्यातला ‘उत्कृष्ट’ हा शब्द काढायला लावला. उरला तो असा: ‘ताई-दादा, यंदाचे बिबडे वाळले. अर्धा किलो, एक किलो. अखाजीच्या आधी घरी हवे असतील तर आठ दिवस आधी लिहा, त्यानंतरचं पार्सल सणाला पोचेलच असं सांगता येणार नाही. मागच्या वेळी तिखट जास्त झाल्याचं ज्यांनी कळवलं, त्यांच्यासाठी कमी मिरचीचे वेगळे केलेत. नको असेल तर ‘नको’ लिहा.’