चोरीची बंदूक नंबरावरून ओळखताना: फ्लोरिडाची मोफत सोय किती कामाची?

अमेरिकेत जुनी बंदूक घेणाऱ्याला ती चोरीची तर नाही ना, हे स्वतः तपासायला फारसे मार्ग नाहीत. एफबीआयच्या एनसीआयसी यंत्रणेत १९६७ पासून चोरीच्या बंदुकांच्या नोंदी आहेत, पण ती पोलिसांपुरतीच. इंटरपोलची आयआर्म्स ही बंदुकांच्या नोंदींची यंत्रणाही तशीच. म्हणूनच फ्लोरिडाच्या कायदा अंमलबजावणी खात्याने, म्हणजे एफडीएलईने, चोरीच्या बंदुकांचा शोध सगळ्यांना खुला ठेवला आहे, हे कौतुकाचं. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, बंदुकीवरचा सिरीयल नंबर टाकायचा आणि शोधायचं. पाचपैकी साडेतीन गुण. दीड का कापला, ते पुढे.

या सोयीत चुका होतात त्या बहुतेक संगणकात नाही, बंदुकीवरचा नंबर वाचताना. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, चेंबर (नळीतली गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा, मग नंबर शोधा. पिस्तुलाच्या स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) आणि नळीवरही नंबर असू शकतो, पण हे भाग बदलता येतात. खरा धरायचा तो फ्रेमवरचा किंवा रिसीव्हरवरचा, म्हणजे बंदुकीच्या मूळ सांगाड्यावरचा.

स्मिथ अँड वेसनची जुनी रिव्हॉल्व्हर हा नेहमीचा सापळा. सिलिंडर बाहेर काढला की खाचेत आकडे दिसतात आणि माणूस तेच उतरवून घेतो. त्यातला एक मॉडेलचा, ‘१०-५’ असा काहीतरी. दुसरा बऱ्याचदा कारखान्यात भाग जुळवताना मारलेला. सिरीयल नंबर मुठीच्या बुडाशी असतो, आणि नंतर बसवलेल्या रबरी मुठीखाली तो झाकलेला असतो. एक स्क्रू काढायचा कंटाळा केला तर तपासणी दुसऱ्याच आकड्याची होते आणि ‘नोंद नाही’ वाचून आपण खूश होतो.

अक्षरं गाळू नका. कोल्टच्या जुन्या .४५ पिस्तुलांत नंबराआधी ‘सी’ असेल तर ते नागरी विक्रीचं. तोच आकडा ‘सी’शिवाय असेल तर ते लष्करी, म्हणजे वेगळंच पिस्तूल. जर्मन लष्करी लुगर पिस्तुलाची कथा आणखी बिकट: नंबर फार तर चार आकडी, दरवर्षी पुन्हा एकपासून, आणि आकडे संपले की पुढे एक अक्षर. वर्ष आणि ते अक्षर सोडलं तर एकाच नंबराच्या कितीतरी बंदुका निघतात. शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी हे गोंधळ आहेतच. शंका असेल तर दोन्ही तऱ्हेने टाकून बघा. निकालात बंदूक दिसली तरी कंपनी आणि कॅलिबर (नळीचा व्यास) जुळतं का ते पाहिल्याशिवाय विक्रेत्याला चोर ठरवू नका, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे नंबर सर्रास सारखे असतात.

आता कापलेले गुण. पहिलं कारण व्याप्तीचं: इथे फ्लोरिडातल्या पोलिसांकडे नोंदवलेल्या चोऱ्याच दिसतात. शेजारच्या जॉर्जियात चोरीला गेलेली बंदूक इथे सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. दुसरं, मालकाला चोरी कळलीच नसेल किंवा नंबर त्याने कुठे लिहूनच ठेवला नसेल, तर नोंद येणार कुठून? नंबर सक्तीचा करणाऱ्या १९६८ च्या कायद्याआधीच्या कित्येक स्वस्त रायफली आणि शॉटगनवर तर मुळात नंबरच नाही. तिथे ही सोय निरुपयोगी. मात्र नंबर घासून काढलेला दिसला तर शोधत बसू नका, व्यवहारच सोडा. ठसा मारताना खालचा धातूही दबतो, त्यामुळे प्रयोगशाळेत असा नंबर पुन्हा उठवता येतो. ते काम त्यांचं.

एटीएफ या अमेरिकेच्या केंद्रीय शस्त्रविषयक खात्याचं ‘ट्रेसिंग’ अनेक जण यातच मोजतात. ते वेगळं. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्रातून पोलिसांच्या विनंतीवरून बंदुकीचा माग काढतात: कारखाना, घाऊक विक्रेता, दुकान आणि तिथला पहिला गिऱ्हाईक. पुढचे हात सहसा त्या कागदांत नसतात. खासगी संकेतस्थळांवरच्या चोरीच्या बंदुकांच्या यादीत लोक आपणच नोंदी टाकतात. पोलिसांनी न पडताळलेली माहिती म्हणूनच ती वाचावी.

नोंद जुळलीच तर पैसे देऊ नका आणि विक्रेत्याशी हुज्जतही घालू नका. पोलिसांच्या तातडीच्या नसलेल्या नंबरावर फोन करून खात्री करून घ्या. या पानावरचा निकाल हा पुरावा नव्हे. बंदूक आधीच तुमच्याकडे आली असेल तर ती घेऊन परस्पर ठाण्यात शिरू नका, आधी फोन करा आणि ते सांगतील तसं करा. बंदूक जाईल आणि बहुधा पैसेही, हे मनाशी धरून चाला.

या सोयीचा सगळ्यात चांगला उपयोग मात्र खरेदीदाराला नाही, चोरी झालेल्या मालकाला आहे. फ्लोरिडात तक्रार दिल्यावर दोन-तीन दिवसांनी आपलाच नंबर इथे टाकून बघा. सापडला नाही, तर बहुतेक वेळा टंकताना एखादं अक्षर सुटलेलं किंवा आकडे उलटे पडलेले असतात. खरेदीची पावती आणि नंबराचा जवळून काढलेला फोटो घेऊन तक्रार लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याला गाठा आणि नोंद दुरुस्त करून घ्या. तो एक आकडा चुकलेला राहिला, तर उद्या बंदूक पोलिसांच्या हाती लागली तरी ती तुमची म्हणून ओळखली जाणार नाही.