उद्यमबाग ते मच्छे: सिस्को 4331 राउटर आणि दोन असमान वाटा

बेळगावच्या उद्यमबागेतील आमची फाउंड्री आणि मच्छे येथील मशीन शॉप यांच्यामध्ये 50 एमबीपीएसची फायबर आणि 20 एमबीपीएसची रेडिओ लिंक आहे. रेडिओचे भाडे दरमहा भरायचे आणि फायबर तुटेपर्यंत ती लिंक नुसती पडून राहू द्यायची, हे पटत नव्हते. म्हणून दोन्ही टोकांना सिस्कोचे वापरलेले 4331 राउटर घेतले. राउटरांनी आपसांत वाटा ठरवण्याच्या पद्धतींपैकी ओएसपीएफ केवळ समान खर्चाच्या (राउटरच्या हिशेबात सारख्याच चांगल्या) वाटांवर भार वाटते, तर या राउटरवरील सिस्कोची पद्धत ईआयजीआरपी असमान वाटांवरही प्रमाणात वाटते, एवढेच खरेदीचे कारण होते.

बसवून देणाऱ्याने केबल जोडल्या, पिंग (पलीकडून उत्तर येते का याची चाचणी) दाखवले, पैसे घेतले आणि तो गेला. दुसऱ्याच दिवशी रेडिओ गुदमरली. राउटर लिंकचा खरा वेग मोजत नाही. पोर्ट गिगाबिटचे असल्याने दोन्ही वाटा त्याच्या लेखी सारख्याच होत्या आणि निम्मा भार रेडिओवर पडत होता. दोन्ही टोकांना बँडविड्थ, म्हणजे लिंकचा वेग, हाताने लिहिल्यावर मेट्रिक (वाटेचे अंतर दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) फायबरचे 51712 आणि रेडिओचे 128512 असे झाले, तेव्हा रेडिओ राउटिंग टेबलातून, म्हणजे वापरायच्या वाटांच्या यादीतून, नाहीशीच झाली, कारण व्हेरियन्स (सर्वोत्तम मेट्रिकच्या किती पटीपर्यंतची वाट चालेल तो आकडा) मुळात 1 असतो. गुणोत्तर अडीचच्या जरा खाली असल्याने 2 पुरला नाही. 3 दिल्यावर ती परतली आणि भार साधारण पाचास दोन असा विभागला गेला. (शेजारी राउटरचे मुक्कामापर्यंतचे स्वतःचे अंतर आपल्या सर्वोत्तम अंतरापेक्षा कमी नसेल, तर व्हेरियन्स कितीही वाढवून त्याची वाट मिळत नाही, लूप (डेटा गोल फिरत राहणे) टाळणारी ही अट असावीच.)

ही विभागणी पॅकेटागणिक (डेटाच्या तुकड्यागणिक) नव्हे, तर पाठवणारा आणि घेणारा यांच्या जोडीनुसार होते. त्यामुळे पॅटर्नचे मोठे कॅड ड्रॉइंग एकाच वाटेने जाते, आणि ती रेडिओची निघाली तर चहा पिऊन येईपर्यंत थांबावे लागते. जुलैच्या पावसात रेडिओचा वेग घसरतो, पण हाताने लिहिलेला आकडा घसरत नाही. म्हणून पावसाळ्यापुरता मी तो 10 एमबीपीएस करतो आणि व्हेरियन्स 5.

मध्यंतरी रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटली, तेव्हा सगळा भार काही क्षणांत रेडिओवर गेला आणि डिस्पॅचची बिले अडली नाहीत. ईआयजीआरपीचे वर्णन 2016 मध्ये आरएफसी 7868 (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतील एक) म्हणून प्रसिद्ध झाले असले, तरी इतर कंपन्यांच्या राउटरवर ते क्वचितच मिळते. त्यामुळे घ्यायचे तर दोन्ही टोकांना सिस्कोचेच राउटर घ्यावेत.