कुत्र्या-मांजरांच्या दातांचा संच: पेस्ट घ्या, बोटातला ब्रश सोडा

एन्झाइमची पेस्ट, बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश आणि दोन्ही टोकांना डोकी असलेला लांब दांड्याचा ब्रश, असा हा नेहमीचा संच. त्यातली पेस्ट खरोखर कामाची आहे. कोंबडीच्या चवीमुळे कुत्री ती आवडीने चाटतात (मांजरांचं काही सांगता येत नाही), फेस होत नाही, गिळली तरी चालते. त्यातली ग्लुकोज ऑक्सिडेज आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स जंतूंना आवर घालतात. माणसांची पेस्ट चालणार नाही. तिच्यातलं फ्लोराइड पोटात जातं, आणि झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. जिवावर बेतू शकतं.

मात्र पेस्ट नुसती चाटवून उपयोग नाही, दातांवरचा थर निघतो तो घासण्याने. हा मऊ थर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कडक होतो, त्याचं किटण बनतं आणि मग ब्रश हरतो. म्हणून घासायचं ते रोज. पाकिटावर ‘किटण विरघळवते’ असं छापलेलं असेल तर सोडून द्या. व्हीओएचसीची (प्राण्यांच्या दातांची उत्पादनं पारखणाऱ्या पशुवैद्यकीय परिषदेची) मोहर आहे का, ते बघा.

बोटातला ब्रश इथेच कमी पडतो. त्याचे रबरी दाते जाड असल्याने हिरडीच्या कडेखाली शिरत नाहीत, आणि दुखणं सुरू होतं तिथूनच. वर बोट थेट दाढांमध्ये! लांब दांड्याचा ब्रश कुत्र्यांसाठी ठीक आहे, पण त्याचं लहान डोकंही मांजराच्या तोंडाला मोठंच. मांजरासाठी तान्ह्या मुलांचा, अगदी मऊ केसांचा ब्रश वेगळा घ्या.

कुत्र्याला वाटाण्याएवढी, मांजराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. ती ब्रशच्या केसांच्या आत दाबून बसवा, नाहीतर पहिल्याच चाटण्यात संपते. जबडा उघडू नका, ओठ फक्त वर उचला. ब्रश हिरडीशी 45 अंशांत धरून बाहेरची बाजू छोट्या गोलाकार हालचालींनी घासा. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते. कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढेपासून सुरुवात करा. लाळग्रंथीची नळी तिच्याजवळ उघडते, त्यामुळे किटण तिथेच जास्त साचतं.

सुरुवातीला हिरडीतून किंचित रक्त आलं तर रोजच्या घासण्याने ते आठवडा-दोन आठवड्यांत थांबायला हवं. न थांबल्यास, किंवा दाताला ब्रश लागताच मांजराचा जबडा थरथरत असेल तर, घासणं बंद करून पशुवैद्याला दाखवा. बऱ्याच मांजरांचे दात हिरडीपाशी झिजत जातात, आणि अशा दाताला ब्रश लावणं म्हणजे निव्वळ वेदना.