बेळगावातील एका मानसोपचार केंद्राविषयी: भाचीच्या दीड वर्षाच्या उपचारांचा अनुभव

खानापूर तालुक्यात राहणारी माझी २७ वर्षांची भाची गेले दीड वर्ष बेळगावातील एका खासगी मानसोपचार केंद्रात उपचार घेत आहे. तिचे निदान डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर असे आहे. एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी आळीपाळीने ताबा घेतात आणि एकीच्या काळात घडलेले दुसरीला आठवत नाही, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. पूर्वी याला बहुव्यक्तिमत्त्व विकार म्हणत; १९९४ साली अमेरिकेच्या निदानपुस्तिकेने नाव बदलले. हा मजकूर भाचीने वाचला असून तिच्या संमतीनेच तो लिहिला आहे. तिची ओळख पटू नये म्हणून केंद्राचे नाव मी दिलेले नाही.

तिच्या दिवसातले तास हरवत असत. सकाळी भात चुलीवर ठेवल्याचे आठवे आणि त्यानंतर भान येई ते थेट बस स्थानकावर, हातात आपण केव्हा घेतली ते ठाऊक नसलेली भाजीची पिशवी घेऊन. घरच्यांनी अंगात येते असे समजून तिला दोनदा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर नेले, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. पुढे एका डॉक्टरांनी तिला छिन्नमनस्कतेची, म्हणजे स्किझोफ्रेनियाची, औषधे दोन वर्षे दिली. ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ हा शब्द आपल्याकडे दोन्ही आजारांना सरसकट लावला जातो, आणि आतून ऐकू येणारे आवाज दोन्हींत असू शकतात, त्यामुळे केवळ आवाजांवरून निदान करणाऱ्याची गफलत होऊ शकते.

या केंद्राचे मोठेपण मला जाणवले ते भाषेच्या बाबतीत. त्याआधी एका दूरच्या शहरातील समुपदेशकांनी व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलून ‘रुग्ण स्वतःविषयी पुल्लिंगी बोलते’ अशी नोंद केली होती आणि तिच्यात एक पुरुष ओळख असावी असा तर्क मांडला होता. आमच्या भागातील बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असेच बोलतात. मीही घरात तसेच बोलते, लिहिताना मात्र पुस्तकी मराठी येते. केंद्रातील समुपदेशक मॅडम इकडच्याच असल्यामुळे त्यांनी ती नोंद वाचताच भाचीला विचारले, “तुझी आई घरात कशी बोलते?” खरी खूण त्यांना तिसऱ्या भेटीत सापडली आणि ती नेमकी उलटी होती. बोलता बोलता भाची मध्येच ‘मी आले’, ‘मी जेवले’ असे शाळेत बाईंसमोर बोलावे तसे बोलू लागली, आवाज बारीक झाला, आणि शेजारी बसलेल्या मला तिने ओळखले नाही. अधूनमधून ती कन्नड बोलते, याला मात्र मॅडमनी काहीच महत्त्व दिले नाही, कारण दोन भाषांत वावरणे ही इथली रोजची रीत आहे.

निदानाची घाई त्यांनी केली नाही. अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, नाही याची खात्री करण्यासाठी प्रथम ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, काढून घेतला. देवस्थानात, समाजाला मान्य असलेल्या रीतीने अंगात येणे हा आजार नव्हे, मात्र नको असताना, कुठेही येऊन जगणे विस्कटून टाकणारी अवस्था तपासावी लागते, हा फरक डॉक्टरांनी तिच्या आईला शांतपणे आणि देवीचा मान राखून समजावला. या विकाराच्या मुळाशी बहुधा लहानपणीचे तीव्र, वारंवार झालेले आघात असतात. भाचीच्या बाबतीत काय घडले ते मी इथे लिहिणार नाही, आणि केंद्रानेही ते उकरण्याचा आग्रह धरला नाही. आधी सुरक्षितता आणि दैनंदिन स्थैर्य, मग आठवणींवर काम, आणि शेवटी ओळखींमधला मेळ, असा क्रम त्यांनी सांगितला. दीड वर्षानंतरही आम्ही पहिल्याच टप्प्यात आहोत. या विकारावर थेट लागू पडणारे औषध नाही, म्हणून गोळ्या फक्त झोपेसाठी आणि उदासीसाठी आहेत. एक वही मात्र सर्व ओळखींनी मिळून वापरायची असते. ‘सिलिंडर आला, पैसे दिले’ एवढी नोंद दुसऱ्या अक्षरात मिळाली तरी भाचीचा तो दिवस सावरतो.

दोन उणिवा गंभीर आहेत. समुपदेशनाची खोली आणि प्रतीक्षेची जागा यांच्यामध्ये केवळ प्लायवूडची भिंत असल्याने आतले रडणे बाहेर ऐकू येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला असताना ही बाब किरकोळ म्हणता येत नाही, आणि मी ती दोनदा लेखी कळवली आहे. दुसरी उणीव अशी की संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीतच आहे. भाचीच्या आईने त्यावर न वाचता अंगठा उठवला. प्रत्येक भेटीचे ६०० रुपये आणि गावाहून येण्याजाण्यात जाणारा अख्खा दिवस हा भार शेतकरी घराला जड आहे, तरी पाऊण तासाची भेट कधी दहा मिनिटांत उरकली गेली नाही. संमतीपत्राचा मराठी तर्जुमा करून देण्याची तयारी मी मॅडमना कळवली आहे, त्यांनी मूळ प्रत दिली आहे, आणि पुढच्या गुरुवारी जाताना तो घेऊन जाणार आहे.