पंख्याचा वारा झोंबतो का, असं विचारणारी ओपीडी

नागपूरच्या एका खाजगी पेन ओपीडीला, म्हणजे दुखण्याच्या दवाखान्याला, पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे लिहिते.

मी ब्रह्मपुरीची, वय 31, शिवणकाम करते. मला सिकलसेल आहे, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. त्यातही एसएस, म्हणजे वाहक नाही, रुग्ण. क्रायसिसची, म्हणजे रक्त अडून येणाऱ्या दुखण्याच्या झटक्याची, मला लहानपणापासून ओळख आहे: हाडात खोल ठणका, मांड्या ठेचल्यासारख्या, चार-पाच दिवस सलाईन, मग हळूहळू उतरतो. गेल्या दिवाळीनंतर मात्र वेगळंच सुरू झालं. क्रायसिस नसतानाही पोटऱ्या आणि तळपाय जळायचे. पंख्याचा वारा झोंबायचा, पायावर चादर सहन व्हायची नाही. आई तेल लावायला बसली तर मी पाय ओढून घेतला. "नुसता हात लावला तरी ओरडते, काय झालं हिले?"

नेहमी भरती होते तिथे सांगून पाहिलं. तिथे प्रश्न एकच, शून्य ते दहामध्ये किती दुखतं? मी म्हणायची सहा. मग ठरलेलं इंजेक्शन. ठणका असला तर थांबायचा, जळजळ तशीच. पुन्हा सांगितलं तर एक सिस्टर दुसरीला म्हणाली, "हिला इंजेक्शनची सवय लागलीय." मी ऐकलं. त्यानंतर दोन महिने कुणाला काही बोलले नाही.

शेवटी आशाताईंनी नागपूरची ही खाजगी पेन ओपीडी सुचवली. पहिल्या भेटीचे 600 रुपये. एसटीत सिकलसेलच्या रुग्णाला तिकीट नाही, आईचं अर्धं, तेवढाच आधार.

डॉक्टर मॅडमनी किती दुखतं हे शेवटी विचारलं. आधी कसं दुखतं. त्यांच्यापुढे नसांचं दुखणं ओळखायच्या प्रश्नांचा इंग्रजी कागद होता, डीएन-4 नावाचा, पण विचारत होत्या मराठीत. जळजळतं का? गार पडून दुखतं का? करंट लागल्यासारखं होतं का? मुंग्या येतात का? बधिर वाटतं? खाज? मुंग्यांपाशी गाडी अडली, कारण कागदावर दोन वेगळे प्रश्न आणि त्यांच्या तोंडी दोन्हींना मुंग्याच. मी म्हटलं, मॅडम, मुंग्या वेगळ्या आणि टाचण्या वेगळ्या. दिवसभर टाचण्या ओठात धरणाऱ्या बाईला तो फरक कळतो. त्या हसल्या आणि कागदाच्या कडेला "टाचण्या" असं लिहून ठेवलं.

मग डोळे मिटायला लावून पायावर कापूस फिरवला, ब्रश फिरवला, टोचून पाहिलं. उजव्या पोटरीवर टोचलेलं नीट कळेना, आणि ब्रशने मात्र आग झाली. दहापैकी सहा गुण. चार किंवा जास्त आले की नसांचं दुखणं धरतात. हा कागद खास सिकलसेलसाठी बनवलेला नाही, हेही त्यांनी सांगितलं. म्हणून बी-12, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि खुब्याचा एक्स-रे करून घेतला. साखर उपाशीपोटीची बघितली, कारण तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आमच्या रक्तात भरवशाचा नसतो. इतकी वर्षं कुणी हे बोललं नव्हतं.

मागच्या क्रायसिसमध्ये माझी हनुवटी आणि खालचा ओठ आठवडाभर बधिर होता. वॉर्डात म्हणाले, दाताचं असेल. इथे मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. जबड्याच्या हाडात रक्त अडलं की तिथली नस अशी बधिर होऊ शकते, म्हणाल्या. वर्षानुवर्षं क्रायसिसचा मार खाऊन नसा बिघडतात आणि मग साध्या स्पर्शालाही दुखणं समजतात. मला ते मशीनवरून कळलं: धाग्याचं टेन्शन बिघडलं की कापड चांगलं असूनही शिवण चुरमडते.

रात्रीची प्रीगाबॅलिन, नसांच्या दुखण्याची गोळी, दिली, किडनीचा रिपोर्ट बघून कमी डोस. सिकलसेलची हायड्रॉक्सीयुरिया गोळी सुरूच. पहिला आठवडा वाईट गेला, काज करताना डोळे मिटायचे, एका ब्लाऊजची काजं उसवून पुन्हा केली. आता सहा आठवडे झालेत. जळजळ गेलेली नाही, पण चादर चालते आणि पंखा दोनवर ठेवता येतो. ठणका आला तर जुनाच रस्ता. ताप, छातीत दुखणं किंवा एका अंगाची ताकद गेली तर इथे न येता थेट इमर्जन्सी, हे मॅडमनी आईकडून दोनदा वदवून घेतलं.

आता कापलेला तारा. वेटिंग हॉलचा एसी. थंडीनेच ज्यांना क्रायसिस येतो त्यांना तीन तास तिथे बसवायचं? काउंटरवरच्या दादांना सांगितलं तर म्हणे रिमोट सरांकडे असतो. सर कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि फाइल फक्त इंग्रजीत देतात.

जाणार असाल तर शाल न्या, जुन्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या न्या, आणि नंबर सकाळी नऊच्या आत लावा. आम्ही साडेदहाला पोचलो आणि परतीची गाडी चुकली.